हरकत असती, तर काय असती?

आमची इमारत पुढच्या महिन्यात पाडणार आहेत आणि मला आनंदाने धड जेवण जात नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईने राहतं घर पडणार म्हणून इतकं हुरळून जाणं बरं दिसत नाही, असं घरातल्या शहाण्या माणसांनी, म्हणजे मी सोडून सगळ्यांनी, मला सांगून पाहिलं. पण ज्या गोष्टीत मी एकदा सगळ्यांसमोर तोंडावर आपटले, तीच गोष्ट दुसऱ्या खेपेला जमली. तेव्हा हुरळू द्या मला थोडं.

इमारत डोंबिवली पूर्वेला. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर चार बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. घेतलं तेव्हा वारा छान येतो म्हणून घेतलं. वारा अजूनही छान येतो, पण आमच्या ह्यांचे गुडघे गेले त्याला सहा वर्षं झाली. हे खाली उतरायचे ते फक्त डॉक्टरकडे जायला, आणि उतरायचे म्हणजे चौघं जण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायचे. मिरवणुकीतल्या मूर्तीसारखे हे दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले असायचे, आणि प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दार उघडून विचारायचं, "काय काका, बरं नाही का?"

ह्यांना खाली यायचं होतं ते देवळात जायला नाही की कट्ट्यावर बसायला नाही. ह्यांना भाजी निवडायची होती. एकेकाळी बाजारात हा माणूस भेंडी मोडून बघतो म्हणून भाजीवाल्या ह्यांना ओळखायच्या, आणि ओळखून गाडीवर फडकं टाकायच्या. गुडघे गेल्यापासून रोज सकाळी भाजीवाली गाडी घेऊन खाली उभी राहायची, हे मागच्या गॅलरीतून नायलॉनच्या दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे आणि वरून ओरडून सूचना द्यायचे. ती "हो काका, कवळीच देते" म्हणायची आणि तिला हवं ते भरायची. सहा वर्षं ह्यांनी स्वतःच्या हाताने एक भेंडी मोडलेली नव्हती. मला लिफ्ट हवी होती ती एवढ्यासाठी.

आता ती पहिली खेप. बारा-तेरा वर्षं झाली असतील. ह्यांचे गुडघे तेव्हा नुसते कुरकुरत होते. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीतून एक बाई नुकतीच निवृत्त झाली होती. तिला मी सेक्रेटरीबाई म्हणते, कारण ती मीच होते हे कबूल करायला अजून जड जातं. सेक्रेटरीबाईने तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली होती आणि कागद जावक झाला म्हणजे निरोप पोहोचला, असा तिचा पक्का समज होता. पुढे त्या कागदाचं कोणी काय करतं, वाचतं की त्यावर भेळ खातं, हे बघणं तिच्या टेबलाचं काम नव्हतं.

सोसायटीची सेक्रेटरी झाल्या झाल्या तिने इमारतीच्या पुनर्विकासाची नोटीस काढली. मला ती अजून पाठ आहे. "उपरोक्त विषयान्वये सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, प्रस्तावित पुनर्विकासाबाबत कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांचे आत लेखी स्वरूपात सादर करावी, अन्यथा हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल." उपरोक्त म्हणायला वर विषय लिहिलेलाच नव्हता, पण त्याने तिचं काही अडलं नाही. ही नोटीस तिने जिन्याखालच्या काचेच्या फळ्यात लावली आणि कुलूप घालून किल्ली पर्समध्ये ठेवली. फळ्यासमोर दोन स्कूटर उभ्या असायच्या आणि तिथला दिवा गेलेला होता. पंधरा दिवसांत एकही हरकत आली नाही. सेक्रेटरीबाई ह्यांना म्हणाली, किती समजूतदार लोक आहेत बघा आपले.

एवढ्यावर थांबेल तर ती कसली. बगलेत फाइल मारून ती घरोघर गेली. प्रत्येक घरात वीस मिनिटं चटईक्षेत्रावर बोलली आणि शेवटी विचारलं, मग, काही हरकत? सगळीकडे एकच उत्तर मिळालं, हरकत नाही. घरी येऊन तिने वहीत प्रत्येक नावापुढे हिरव्या शाईने बरोबरची खूण केली.

तळमजल्यावरच्या शेजारणीपुढे तर दोन खुणा केल्या. ही माझ्याच वयाची. आमची इमारत उभी आहे ती जागा तिच्या सासरची भातशेती. जमिनीच्या बदल्यात त्यांना तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या आणि मागचं अंगण राहिलं, त्यात त्यांची जुनी विहीर. सेक्रेटरीबाई गेली तेव्हा तिने चहा केला, पापड तळले, नकाशाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हरकत नाय." सेक्रेटरीबाईने दुसरा पापड घेतला.

सभा गच्चीवर ठेवली. बिल्डरचा माणूस थर्माकोलची इमारत घेऊन आला, तिला झाडंसुद्धा होती. पेढे सेक्रेटरीबाईने आदल्या दिवशीच आणले होते. शेजारीण पहिली उठली, "मी सही करनार नाय" एवढंच म्हणाली आणि बसली. मग पहिल्या मजल्यावरचे मास्तर उठले, मग दुसऱ्यावरचं जोडपं, मग जे आलेच नव्हते त्यांचे फोन आले. दहा मिनिटांत वहीतल्या सगळ्या हिरव्या खुणा उलटल्या. बिल्डरच्या माणसाने झाडं उपटून खिशात ठेवली, इमारत खोक्यात घातली आणि जिना उतरला. पेढे आम्ही दोघांनी आठवडाभर खाल्ले. ह्यांनी तेवढ्या दिवसांत एकच वाक्य उच्चारलं, "पेढे चांगले आहेत."

सेक्रेटरीबाईने राजीनामा दिला, अर्थात लेखी, आणि त्याच फळ्यात लावला. तो कोणी वाचला नाही. पुढचे तीन महिने लोक गळक्या टाकीची तक्रार तिच्याकडेच घेऊन येत होते. तरीही तिच्या डोक्यात उजेड पडला नाही. तिचं म्हणणं, लोक खोटारडे निघाले. शेजारणीशी तर "पाणी आलं का" याच्यापलीकडे बोलणं उरलं नाही.

दोनेक वर्षांपूर्वी गॅलरीच्या छताचा गिलावा पडला, ह्यांच्या पिशवीच्या दोरीपासून हातभर अंतरावर. पुन्हा पुनर्विकास निघाला, पुन्हा सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नाही, पुन्हा मी उभी राहिले. हे म्हणाले, "या वेळी पेढे आधी आणू नकोस."

माझी नात ठाण्याला एका कंपनीत मोठमोठ्या प्रोजेक्टांची कामं बघते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येते. एका रविवारी ती लॅपटॉप उघडून बसली होती, त्यावर रंगीत चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. म्हटलं हे काय, तर म्हणाली, स्टेकहोल्डर. कोणाला काय कळवायचं, कधी, कोणी, कुठल्या शब्दांत, त्याचा आराखडा. मी म्हटलं, आमच्याकडे त्याला सभासद म्हणतात आणि त्यांना नोटीस लावतात. ती हसली नाही.

"आजी, सभासद म्हणजे ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याचं काहीतरी पणाला लागलंय. तुझ्या बिल्डिंगमध्ये कोणाचं काय पणाला लागलंय, माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्या जिन्याने वरखाली केलं, कोणाच्या घरी किती वाजता कुकर होतो ते शिट्टीवरून ओळखते, आणि हे माहीत नव्हतं. काय सांगू, पोरीच्या त्या एका प्रश्नाने मला भात वाढायचं भान राहिलं नाही. त्याच दुपारी भिंतीवरच्या दोन जुन्या दिनदर्शिका काढल्या, पानं सुटी केली आणि त्यांच्या कोऱ्या बाजू घेऊन बसले. एका घराला एक पान. हा माणूस कोणाचं ऐकतो. कधी मोकळा असतो, आणि कधी अजिबात जायचं नाही. त्याला काय गमवायची भीती आहे. नातीला ते सगळं एक्सेलमध्ये हवं होतं. मी तिला सांगितलं, तुझ्या एक्सेलला मागच्या बाजूला उकडीच्या मोदकांची कृती नसते. सोळा घरांची पंधरा पानं झाली. आमच्या घराचं पान करायची गरज नव्हती.

तिसऱ्या रकान्यात मात्र बोंब. भीती काय ते कोण सांगणार? म्हणून मी एक नियम केला. "हरकत नाही" हे उत्तर घ्यायचं नाही. आपल्याकडे हरकत नाही म्हणजे उठा आता, हरकत नाही म्हणजे मुलाला विचारतो, हरकत नाही म्हणजे तुमच्यापुढे कोण डोकं फोडणार. संमती हा त्याचा सगळ्यात शेवटचा अर्थ.

पहिले मास्तर. टीव्हीवर क्रिकेट चाललेलं. मी विषय काढला, ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हरकत नाही." मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "नाहीये, ते कळलं. पण असती, तर काय असती?"

मास्तरांनी आवाज बंद केला. मग हळूच म्हणाले, नव्या इमारतीत आपल्याला सातव्या-आठव्या मजल्यावर टाकतील, आणि आपल्याला उंचीची भीती वाटते. हे बायकोलासुद्धा माहीत नाही. आतून बायकोचा आवाज आला, "माहीत आहे."

मी जिना चढून वर आले ती जवळजवळ पळत. काय सापडलंय मला, असं झालं होतं. ह्यांना तो प्रसंग तीनदा सांगितला. मग मला नादच लागला. एक घरमालक कल्याणला राहतो, घाऊक धान्याचा व्यापार, फोनवर सगळ्याला "हो हो काकू, हरकत नाही." माझ्या पानावर नोंद होती, आईचं ऐकतो. रिक्षा करून थेट आईकडे गेले. त्या माउलीची हरकत स्वतःसाठी नव्हतीच. त्यांच्या इथल्या भाडेकरूची मुलगी दहावीला आहे, तिला परीक्षेच्या तोंडावर घर सोडायला लावू नका, एवढंच. नातीच्या आराखड्यात मालकाची आई आणि भाडेकरूची मुलगी यांना चौकोन नव्हते. तिने रविवारी ते घातले आणि माझ्या पाठीवर थाप मारली, जशी काही मी तिच्या हाताखाली नोकरीला आहे.

नोटिसा मी बंद केल्या नाहीत, पण विषयान्वये बंद केलं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फक्त झालेली गोष्ट टाकायची, होणारी गोष्ट घरी जाऊन सांगायची. मध्ये एक कागद अडकला आणि काम लांबलं. सेक्रेटरीबाईने ते लपवलं असतं. मी त्याच दुपारी पंधरा दारं वाजवून सांगितलं. लोक चिडले, पण माझ्यासमोर चिडले, आणि ते फार सोयीचं पडलं.

पंधरा पानांपैकी चौदा भरली. तळमजल्यावरच्या शेजारणीचं पान कोरंच. माझे पाय त्या दाराशी जाईनात. शेवटी एका सकाळी मी फाइल घरी ठेवली आणि मागच्या अंगणात गेले. शेजारीण विहिरीच्या कठड्याशी बसून सुपात जवळा निवडत होती. मी शेजारी बसले आणि मीही निवडायला घेतला. ब्राह्मणाच्या घरची बाई जवळा निवडतेय हे बघून ती खुदकन हसली. मग मी विचारलं, त्या वेळी तू हरकत नाय म्हणालीस. असती, तर काय असती?

ती हसायची थांबली. सुपातली एक काडी उचलून तिने लांब फेकली.

"मना कोनी इचारलंच नाय," ती म्हणाली. "तुझ्या नकाशात माजी सासू कुठं हाय, ती दाखव."

मला कळेना. तिने सुपाने विहिरीकडे खूण केली. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला घरात नेण्याआधी या कठड्याशी आणलं आणि पहिली घागर तिच्या हाताने काढायला लावली. शेत गेलं, बैल गेले, सासू गेली, एवढंच राहिलं. दर दिवाळीला पहिला दिवा ती या कठड्यावर लावते. चाळीस वर्षं तो दिवा मी वरून पाहत होते. मला वाटायचं, मागे अंधार असतो म्हणून लावते. आणि नकाशात त्या जागी लिहिलं होतं, पार्किंग क्रमांक नऊ.

"तिच्या डोक्यावर कोनाची तरी गाडी उभी करायची, आनि मी खिडकीतनं बघायची."

मग तेव्हाच का नाही सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, "चा पीत होतीस माझ्या घरात. आलेल्या मानसाला तोंडावर नाय कसं बोलू? तू शिकलेली, वाटलं तुला कलंल."

शिकलेल्या बाईने खाली मान घालून उरलेला जवळा निवडला.

बिल्डरच्या नव्या माणसाला मी विहीर सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, हरकत नाही." मी म्हटलं, असती तर काय असती? तो बिचारा गडबडला, पण बोलला. पार्किंगचा उतार हलवावा लागेल. मग हलवा म्हटलं, आणि नवा नकाशा हातात पडेपर्यंत त्याला रोज सकाळी फोन केला. नव्या नकाशात विहीर आली, गोल, निळी, जाळीसकट. तो नकाशा मी कुठेही लावला नाही. शेजारणीच्या हातात दिला. पुढे माझ्याआधी तीच घरोघर जाऊन पोहोचायची, आणि ती सांगायची ते लोकांना वीस मिनिटं नाही, दोन मिनिटांत कळायचं.

या सगळ्या धामधुमीत इमारत बांधून होईपर्यंत राहायचं कुठे, तेही मी उरकून टाकलं होतं. ठाण्याला, मुलाच्या घराशेजारी, चौदाव्या मजल्यावर, दोन दोन लिफ्ट. ह्यांना सांगितलं तेव्हा हे पेपर वाचत होते. म्हणाले, "हरकत नाही." मी कुकर लावायला गेले.

सभा रविवारी सकाळी, अंगणात विहिरीभोवती खुर्च्या मांडून झाली. संमतीचे कागद फिरले. मास्तरांना दुसरा मजला लेखी मिळाला होता, त्यांनी सही केली. कल्याणचा व्यापारी आईला घेऊन आला. शेजारणीने सगळ्यांत मोठी सही केली. मी कागद मोजताना दोनदा चुकले. राहिला एकच, आमच्या घराचा, कारण घर ह्यांच्या नावावर. वरून पिशवी खाली आली, मी कागद आणि पेन घातलं, पिशवी हलत हलत तीन मजले चढली. सगळे माना वर करून बघत होते. पिशवी परत आली. कागदावर सही नव्हती. सोबत पेपरच्या कडेचा एक तुकडा होता, ह्यांच्या सुरेख अक्षरात. "माझी हरकत आहे. ती काय आहे, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही."

मी तीन जिने कशी चढले मला आठवत नाही. हे गॅलरीत खुर्चीवर बसले होते, दोरी हातात गुंडाळून. मी दम खात म्हटलं, "अहो, काय असती?"

"असती नव्हे, आहे," हे म्हणाले. "चौदाव्या मजल्यावरून दोरी खाली पोहोचत नाही."

मी ह्यांच्या हातातल्या दोरीकडे बघितलं.

"लिफ्ट तीन वर्षांनी येणार. तोवर तू मला ढगात नेऊन ठेवणार. तिथे भाजीवालीचा आवाजसुद्धा येत नाही. मला तीन वर्षांनी नाही, आत्ता खाली जायचंय."

"मग त्या दिवशी हरकत नाही का म्हणालात?"

"तू कुकर लावायला निघाली होतीस."

पंधरा पानं. सोळा घरं, आणि पंधरा पानं. सेक्रेटरीबाई मेली नव्हती, माझ्याच स्वयंपाकघरात दडून बसली होती. मला इतकं हसू आलं की कठडा धरावा लागला, आणि मग हेही हसायला लागले. मी खाली वाकून शेजारणीला हाक मारली आणि जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडून विचारलं, अगं, इथे जवळपास तळमजल्यावर कुठे जागा आहे का? ती खालून म्हणाली, "मागच्या गल्लीत माज्या पुतन्याची खोली रिकामी हाय. आधी इचारायचं ना बाय."

कागद-पेनासकट पिशवी ह्यांनी केव्हाच वर ओढून घेतली होती. कागद माझ्या पाठीवर ठेवून सही केली, पिशवीत घातला आणि दोरी सावकाश सोडली. खाली टाळ्या वाजल्या. शेजारणीने पदराखालून पुडा काढला. पेढे तिने आधीच आणून ठेवले होते.

मागच्या सोमवारी आम्ही त्या खोलीत आलो. मंगळवारी सकाळी सातला हे वॉकर घेऊन दाराबाहेर पडले, दोन पायऱ्या आणि रस्ता. मी खिडकीतून बघत होते. भाजीवालीने ह्यांना बघितलं आणि सवयीने मान वर केली, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. मग खाली बघून गाडीवर फडकं टाकायला गेली, पण उशीर झाला होता. ह्यांनी एक मोडली, दुसरी मोडली, तिसरी कानाजवळ नेऊन मोडली. पाऊण तासाने अर्धा किलो भेंडी घेऊन घामाघूम होऊन आले, आणि चेहरा असा की मला शाळेतला पहिला नंबर आठवला.

भेंडी जून होती. सहा वर्षांत हात विसरला होता. मी भाजी केली, वाढली, हे घास घेऊन माझ्याकडे बघत राहिले. कशी झालीय, म्हणाले.

"हरकत नाही," मी म्हटलं.

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "असती, तर काय असती?"

"जून आहे."

"माहीत आहे," हे म्हणाले आणि पुन्हा घास उचलला. "पण निवडली मी आहे."